शरीराचा तोल, ओझे आणि आदळणे



या कार्यक्रमात आपण नेहमी बियाण्याविषयी बोलतो, खतांविषयी बोलतो, नांगर, पेरणीयंत्र, फवारणी पंप यांची निगा कशी राखावी ते सांगतो. आज मी अशा एका अवजाराविषयी बोलणार आहे की ज्याच्यावाचून यातले एकही चालत नाही. ते अवजार म्हणजे आपले स्वतःचे शरीर. पंपाचा वॉशर गेला तर तालुक्याच्या दुकानात मिळतो. पाठीचा मणका गेला तर तो कुठल्याच दुकानात मिळत नाही.

हा विषय मी का निवडला ते आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी सुगीच्या दिवसांत मी एका गावी प्लॉट पाहायला गेलो होतो. शेजारच्या खळ्यावर कडब्याची गंजी रचण्याचे काम चालले होते. वर उभा राहून पेंढ्या झेलणारा गडी चांगला धट्टाकट्टा, पस्तिशीचा. खालून पेंढी आली, ती घ्यायला तो पुढे झुकला, आणि पेंढीसकट खाली आला. उंची दहा फूट असेल नसेल. आम्ही सगळे धावलो. दोघांनी काखेत हात घातले, दोघांनी पाय धरले, आणि त्याला उचलून जीपमध्ये बसवले. पाय धरणाऱ्यांत मी होतो. तो माणूस पुन्हा आपल्या पायांवर उभा राहिला नाही. मणका पडल्यामुळे मोडला की आम्ही उचलल्यामुळे जास्त दुखावला, हे डॉक्टरांनाही नक्की सांगता आले नाही. पण पाठीला मार लागलेल्या माणसाला असे उचलायचे नसते, हे त्यांनी मला त्या दिवशी सांगितले. मी शेतीचा पदवीधर. पिकाचे शिकलो, मातीचे शिकलो, जनावरांचे शिकलो, पण हे मला ठाऊक नव्हते. तेव्हापासून हे भाषण करायचे मनात होते.

माणूस का पडतो, कंबर का धरते आणि पडल्यावर हाड का मोडते, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे पदार्थविज्ञानाच्या अगदी साध्या नियमांत आहेत. हेच नियम बैलगाडीला लागू आहेत, पहारेला लागू आहेत, आणि माणसाच्या देहालाही लागू आहेत. एक एक घेऊ.

तोल म्हणजे काय

वासरू जन्मल्यापासून तासा-दोन तासांत उभे राहते. आपल्या पोराला उभे राहायला वर्ष लागते. असे का? वासराला चार पाय. त्या चार खुरांच्या मध्ये चांगली ऐसपैस जागा असते. माणसाला दोनच पाय, पावले लहान, आणि त्यावर पाच-साडेपाच फूट उंचीचा देह. म्हणजे उभी पहार टोकावर तोलून धरण्यासारखेच हे काम आहे. आपण ते दिवसभर करतो, म्हणून त्याचे काही वाटत नाही.

कुठल्याही वस्तूचे सगळे वजन जणू एका ठिकाणी गोळा झाले आहे असे धरता येते. त्या ठिकाणाला गुरुत्वमध्य म्हणतात. सरळ उभ्या असलेल्या माणसाचा गुरुत्वमध्य साधारण बेंबीच्या थोडा खाली, पोटाच्या आत असतो. तेथून एक ओळंबा खाली सोडला आहे अशी कल्पना करा. गवंडी भिंत पाहायला ओळंबा लावतो ना, तसाच. हा ओळंबा दोन पावलांनी व्यापलेल्या जागेत पडतो आहे तोवर माणूस उभा राहतो. तो त्या जागेच्या बाहेर गेला की माणूस पडतो, नाहीतर पटकन पाऊल टाकून खालची जागा वाढवतो. तोलाचे सारे गणित एवढेच आहे.

पटत नसेल तर घरी दोन प्रयोग करून पाहा. पहिला प्रयोग. भिंतीला पाठ आणि टाचा टेकवून उभे राहा. पावलांपुढे हातभर अंतरावर एक नाणे ठेवा. आता गुडघे न वाकवता आणि टाचा न हलवता ते उचला. उचलता येणार नाही, पुढे झोक जाईल. एरवी आपण वाकतो तेव्हा डोके पुढे जाते आणि ढुंगण मागे जाते, म्हणून ओळंबा पावलांवर राहतो. भिंतीने मागची वाट अडवली, की तोल गेला. दुसरा प्रयोग. खुर्चीवर ताठ बसा, पावले खुर्चीच्या पुढे ठेवा, आणि अंग पुढे न झुकवता उठून पाहा. उठता येत नाही. ओळंबा खुर्चीच्या बैठकीवर आहे, तो पावलांवर आणल्याशिवाय उभे राहता येत नाही. घरातील म्हातारी माणसे बाजेवरून उठताना अडखळतात, त्यांना हे समजावून सांगावे. आधी पाय मागे घ्यावेत, मग पुढे झुकावे, आणि मग उठावे.

आता गंजीवरच्या त्या गड्याकडे पाहा. पाय जवळ जवळ, खाली भुसभुशीत कडबा, हात पुढे, आणि हातात अचानक आलेली जड पेंढी. ओझे हातात आले की ते आपल्याच देहाचा भाग होते, आणि गुरुत्वमध्य ओझ्याच्या दिशेने सरकतो. त्याचा ओळंबा गंजीच्या काठाबाहेर गेला आणि तो पेंढीमागून खाली आला. तो एक पाय मागे रोवून, गुडघे किंचित वाकवून, काठापासून दोन हात आत उभा असता तर पेंढी खाली पडली असती, माणूस वरच राहिला असता. आणखी एक. पेंढी निसटत असेल तर ती सोडून द्यावी. सामान वाचवण्याच्या मोहात माणूस जातो.

तोल सांभाळायचे काम शरीरात तिघेजण मिळून करतात. डोळे, कानाच्या आतील तोलाचे इंद्रिय, आणि तळपाय व स्नायूंची जाणीव. तिघांपैकी एक कमी झाला तर उरलेल्या दोघांवर भार येतो. भिंतीशेजारी एका पायावर उभे राहा आणि डोळे मिटून घ्या. क्षणात डुलायला लागाल. आपल्याकडे रात्रीची वीज आली की शेतकरी दारे धरायला अंधारात बांधावरून जातो. डोळे गेले बाद, खाली चिखल असल्याने तळपायाची जाणीवही बिघडलेली. म्हणून रात्री बॅटरी घेतल्याशिवाय बांधावर जाऊ नये. हातात काठी असावी. काठी टेकली की दोन पायांची जागा तीन पायांची होते, आणि विंचूकाट्यालाही ती उपयोगी पडते. दारूने यांतला कानाचाही हिशेब चुकतो. घेतलेल्या माणसाला विहिरीवर, झाडावर किंवा ट्रॅक्टरवर कधी जाऊ देऊ नये, मग तो घरचा कर्ता का असेना.

ओल्या बांधावर पाऊल कसे टाकावे? लांब ढांग टाकली की पाय जमिनीला तिरका लागतो आणि पुढे घसरायला पाहतो. आखूड पाऊल टाकले की वजन सरळ खाली जाते आणि पाय धरून राहतो. म्हणून निसरड्यावर पावले आखूड टाकावीत, गुडघे थोडे सैल ठेवावेत आणि पाऊल सपाट टेकवावे.

ओझे आणि कंबर

आता दुसरा प्रश्न. पोते उचलताना कंबरेत चमक का भरते? पहार आपल्या सर्वांच्या हातातली आहे. मोठा धोंडा हलवायचा असला की आपण पहारेचे टोक धोंड्याखाली घालतो, जवळच एक दगड टेकूला ठेवतो आणि लांबच्या टोकावर जोर देतो. लांब बाजूला थोडा जोर दिला की आखूड बाजूला मोठे वजन हलते. फायदा आपला होतो.

आपली पाठ म्हणजे हीच पहार, पण उलटी धरलेली. टेकू म्हणजे कंबरेचा मणका. ओझे लांबच्या टोकाला, म्हणजे हातात. आणि ओढणारे पाठीचे स्नायू टेकूपासून जेमतेम पाच सेंटिमीटरवर, म्हणजे तीन बोटांवर. हिशेब करून पाहा. वीस किलोची पाटी मणक्यापासून पन्नास सेंटिमीटर दूर धरून उचलली. ओझ्याचे अंतर पन्नास, स्नायूंचे अंतर पाच, म्हणजे दहापट. वीस किलोसाठी पाठीच्या स्नायूंना दोनशे किलोची ओढ द्यावी लागते, आणि तेवढाच दाब मणक्यांमधील गादीवर पडतो. यात वाकलेल्या धडाचे वजन धरलेलेच नाही, ते वेगळे. तीच पाटी अंगाशी पंचवीस सेंटिमीटरवर धरली तर ओढ शंभर किलोवर येते. वजन तेच, माणूस तोच. फक्त पाटी जवळ घेतली, आणि कंबरेवरचा भार निम्मा झाला.

म्हणून नियम असा, की ओझे जेवढे अंगाजवळ तेवढी कंबर सुखी. पोते उचलताना पोत्याच्या अगदी जवळ जावे. एक पाय थोडा पुढे, एक मागे ठेवावा. कंबरेतून न वाकता गुडघ्यांतून बसावे, पोते छातीशी ओढून घ्यावे, आणि मांड्यांच्या जोरावर उठावे. मांडीचे स्नायू शरीरात सर्वांत दणकट. त्यांना बसवून ठेवायचे आणि कंबरेला राबवायचे, हा कुठला न्याय? उचलल्यावर बाजूला वळायचे असेल तर कंबर पिळू नये, पावले फिरवून सगळे अंग वळवावे. वाकलेल्या कंबरेला पीळ दिला तर मणक्यांमधील गादी दुखावण्याची भीती फार मोठी असते.

वजन किती असावे याचाही विचार करावा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली शिफारस केली, की प्रौढ पुरुष कामगाराने हाताने वाहायचे ओझे पंचावन्न किलोपेक्षा जास्त असू नये. अमेरिकेतील व्यवसाय-आरोग्य संस्थेने १९९१ साली जे सूत्र दिले, त्यात तर सगळी परिस्थिती अनुकूल असतानाही दोन हातांनी उचलायच्या वजनाची मर्यादा तेवीस किलो धरली आहे. आपल्याकडे क्विंटलाचे पोते एकट्याने पाठीवर घेण्यात मोठेपणा मानत. ते दिवस गेले हे बरेच झाले. २०१८ पासून युरियाची गोणी पन्नासऐवजी पंचेचाळीस किलोची झाली आहे. तरीही ती जमिनीवरून एकट्याने उचलण्याजोगी नव्हे. दोघांनी मिळून, ‘एक, दोन, तीन’ म्हणून एका वेळी उचलावी. थप्पी मारताना खाली फळ्या किंवा विटांचा ओटा करावा, म्हणजे गोणी कंबरेच्या उंचीवरून उचलता येते. याने ओलही लागत नाही आणि पाठही वाचते.

माझ्या भगिनींशी आता दोन शब्द बोलतो. डोक्यावर घागर घेऊन चालणारी बाई पाहिली की तोल म्हणजे काय ते कळते. चुंबळीवरची घागर, मान, पाठीचा कणा आणि पावले एका ओळंब्यात असतात. म्हणूनच हात न लावता चालता येते. १९८६ साली केनया देशातील लुओ आणि किकुयू जमातींच्या बायकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंतचे ओझे त्या जवळजवळ काही जादा शक्ती खर्च न करता नेतात, असे त्यात आढळले. पाचवा हिस्सा म्हणजे पन्नास किलोच्या बाईला दहा किलो. पण आपण तर घागरीवर घागर, वर कळशी, आणि कडेवर पोर घेतो! दम लागला नाही तरी मानेच्या मणक्यांवर सगळा दाब पडतोच. तेव्हा ओझे बेताचे असावे, आणि डोक्यावर ओझे असताना खाली वाकून दुसरे काही उचलू नये. एका हातात भरलेली बादली नेण्यापेक्षा दोन हातांत दोन अर्ध्या बादल्या न्याव्यात. एका बाजूच्या बादलीमुळे सगळे अंग दुसरीकडे कलते आणि कंबरेची एक बाजू राबते. आपल्या पूर्वजांनी कावड केली ती याचसाठी. दोन्ही पारडी सारखी, आणि ओळंबा खांद्याखाली.

भातलावणीत आणि खुरपणीत तासन्‌ तास ओणवे राहावे लागते. हातात ओझे नसले तरी धडाचे वजन पाठीला पेलावे लागतेच. अर्ध्या-पाऊण तासाने उभे राहून कंबरेवर हात ठेवून मागे झुकावे. खुरपताना ओणवे राहण्यापेक्षा बसावे. जेथे ओळीतले पीक आहे तेथे लांब दांड्याचे कोळपे किंवा सायकल कोळपे वापरावे. आणि घरच्या कारभाऱ्यांना सांगणे, की बाईमाणसाची कंबरही मणक्यांचीच बनलेली असते, बरं का!

पडणे आणि आदळणे

आता तिसरा प्रश्न. ‘दहाच फूट तर उंची, त्यात काय होतंय?’ असे आपण म्हणतो. पडणाऱ्या माणसाचा वेग क्षणाक्षणाला वाढत जातो. हवेचा अडथळा सोडून दिला तर जमिनीवर आदळताना वेग किती असतो, ते पाहा:

५ फुटांवरून पडल्यास – ताशी सुमारे २० किलोमीटर
१० फुटांवरून – ताशी सुमारे २८ किलोमीटर
२० फुटांवरून – ताशी सुमारे ३९ किलोमीटर
३० फुटांवरून – ताशी सुमारे ४८ किलोमीटर

दहा फुटांवरून खाली यायला पाऊण सेकंदाहून थोडाच जास्त वेळ लागतो. एवढ्या वेळात ‘अरे’ म्हणायला फुरसत नाही, मग सावरणार काय? उंची दुप्पट झाली तर वेग दुप्पट होत नाही, पण देहात साठलेला आदळण्याचा जोर मात्र दुप्पट होतो.

हाच तक्ता उलटा वाचा. मोटारसायकल ताशी चाळीस किलोमीटरने जात असताना झाडावर आदळली, तर तो मार वीस फुटांवरून पडल्यासारखा. ताशी साठला तो सेहेचाळीस फुटांवरून पडल्यासारखा. विहिरीच्या कठड्यावर चढताना आपण जपतो, आणि मोटारसायकलवर मागे वैरणीचा भारा, पुढे टाकीवर पोर घेऊन बेफिकीर निघतो. मागे उंच भारा बांधला की गुरुत्वमध्य वर आणि मागे जातो, पुढचे चाक हलके होते, आणि वळणावर गाडी ऐकत नाही. दूधवाले कॅन दोन्ही बाजूंना बांधतात ते बरोबर आहे. मात्र रतीब घालताना एकच कॅन रिकामा करत जाऊ नये, दोन्ही सारखे उतरवावेत.

पडल्याने माणसाला इजा होत नाही, थांबल्याने होते. हे वाक्य विनोदी वाटेल, पण खरे आहे. थांबायला किती जागा आणि किती वेळ मिळाला यावर सगळे अवलंबून असते. अंडे फरशीवर पडले तर फुटते, भुश्शात पडले तर फुटत नाही. चेंडू झेलताना हात मागे घेतला तर हात झोंबत नाही.

साठ किलोच्या माणसाने ट्रॉलीवरून साधारण एक मीटर खाली टणक जमिनीवर उडी मारली असे समजा. पाय ताठ ठेवले, तर देह दोनएक सेंटिमीटरात थांबतो. तेव्हा पायांवर आणि कण्यावर त्याच्या वजनाच्या सुमारे पन्नासपट, म्हणजे तीन हजार किलोचा धक्का बसतो. पण टेकताक्षणी गुडघे, घोटे आणि कंबर वाकवत तो खाली बसत गेला आणि पन्नास सेंटिमीटरात थांबला, तर धक्का तिप्पट, म्हणजे एकशे ऐंशी किलोच्या आसपास राहतो. हिशेब ढोबळ आहे, पण तीन हजार आणि एकशे ऐंशी यांतला फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे. मांजर उंचावरून उडी मारते तेव्हा पाय दुमडत टेकते, ती हेच करते.

खरे तर उडी मारूच नये. ट्रॉली, ट्रॅक्टर, बैलगाडी यांवरून तोंड गाडीकडे करून, पायरी-पायरीने उतरावे. दोन पाय व एक हात किंवा दोन हात व एक पाय सतत टेकलेले असावेत. पण घसरलाच तर डोके वाचवावे. मागे पडत असाल तर हनुवटी छातीला लावावी. सरळ पसरलेल्या हातावर भार घेऊ नये, मनगट आणि खांदा जातो. अंग गोळा करून कुशीवर लोळत जावे, म्हणजे मार एका ठिकाणी न लागता वाटला जातो.

शिरस्त्राण, म्हणजे आपले हेल्मेट, हेच काम करते. त्याच्या आतला थर्माकोलासारखा थर आदळताना चेपतो आणि डोक्याला थांबायला दोन-तीन सेंटिमीटर जागा देतो. तेवढ्याने कवटी वाचते. एकदा जोरात आदळलेले हेल्मेट बाहेरून चांगले दिसले तरी आतला थर चेपलेला असतो, ते पुन्हा वापरू नये.

आणखी एक नियम सर्वांच्या ओळखीचा आहे. चालती गाडी एकदम थांबली की आपण पुढे जातो, थांबलेली गाडी हिसक्याने निघाली की मागे पडतो. देह आपली चाल सोडायला तयार नसतो. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसलेल्या माणसाला धरायला नीट जागा नसते, आणि खाली मोठे चाक फिरत असते. एक दगड, एक हिसका, पुरे. तेथे कोणालाही, विशेषतः मुलांना, बसवू नये. भरलेल्या ट्रॉलीत उसाच्या मोळ्यांवर बसून जाणेही तसेच धोक्याचे.

शिडी लावताना एक हिशेब ठेवावा. शिडी जेथे टेकते ती उंची चार हात असेल, तर पाया भिंतीपासून एक हात दूर असावा. याहून उभी लावली तर मागे उलथते, याहून तिरकी लावली तर पाया सरकतो. वरचे टोक दोरीने बांधावे. वर असताना बेंबी शिडीच्या दोन दांड्यांच्या आतच राहील असे पाहावे. हात पुरत नसेल तर झुकू नये, उतरून शिडी सरकवावी. फळे काढायला झेला असेल तर बारीक फांदीवर चढण्याचा मोह टाळावा.

कोणी पडला तर

आता ज्या गोष्टीसाठी मी आज मुख्यतः बोलायला आलो ती सांगतो.

उंचावरून पडलेल्या, किंवा वाहनावरून फेकल्या गेलेल्या माणसाच्या मानेला व पाठीला मार लागला आहे असेच धरून चालावे. मणक्यांच्या साखळीतून मज्जारज्जू जातो. हातापायांना हुकूम पोचवणारी ती तार आहे. मणका मोडला पण तार शाबूत राहिली, तर माणूस पुन्हा चालू शकतो. मोडलेला मणका आपण हलवला आणि तार दाबली गेली, तर पाय कायमचे जाऊ शकतात.

तेव्हा त्याला उठवू नये, बसवू नये, चालवून पाहू नये. काखेत हात घालून व पाय धरून तर मुळीच उचलू नये, कारण तसे उचलले की कंबर मधोमध वाकते. पाणी पाजू नये. श्वास चालू आहे ना ते पाहावे. एकाने डोक्याशी गुडघे टेकून बसावे आणि दोन्ही हातांनी डोके आहे तसे स्थिर धरावे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरावे. दुसऱ्याने १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी, आणि गावाच्या फाट्यावर एक माणूस वाट दाखवायला उभा करावा. जागा धोक्याची असेल, म्हणजे आग, पाणी किंवा विजेची तार जवळ असेल, तरच हलवावे. वीज असेल तर आधी वीज बंद करावी.

रुग्णवाहिका येणे शक्यच नसेल तर एक रुंद फळी किंवा दाराची फळी काढून आणावी. चौघा-पाचजणांनी एका बाजूला बसून, डोके धरणाऱ्याच्या हुकमाने, सगळा देह लाकडाच्या ओंडक्यासारखा एकसंध कुशीवर वळवावा. डोके, मान, पाठ आणि पाय एका रेषेत राहिले पाहिजेत. फळी खाली सरकवावी आणि पुन्हा एकदमच उताणे करावे. डोक्याच्या दोन्ही बाजूंना गुंडाळलेली धोतरे किंवा टॉवेल लावून देह फळीला बांधावा. नुसत्या बाजेवर किंवा झोळीत घालू नये, त्यात पाठीला झोळ पडतो. उलटी होत असेल तर असाच एकसंध कुशीवर वळवावा, म्हणजे श्वास कोंडत नाही.

हे आज रात्री घरातल्या सर्वांना वाचून दाखवा. मुलांना घेऊन एकदा ओंडक्यासारखे वळवण्याचा सराव करा. खेळाचा खेळ होईल, आणि वेळ आली तर हात आपोआप बरोबर चालतील. त्या दिवशी आमचे चालले नाहीत.

थोडक्यात ध्यानात ठेवायचे

१. पाय फाकवून, एक पाय मागे रोवून उभे राहावे. काठापासून दोन हात आत राहावे.
२. सामान निसटले तर सोडून द्यावे.
३. रात्री बॅटरी आणि काठी घेतल्याशिवाय बांधावर जाऊ नये. निसरड्यावर आखूड पावले टाकावीत.
४. ओझे अंगाशी घ्यावे, गुडघ्यांतून बसावे, मांड्यांच्या जोरावर उठावे, कंबर पिळू नये.
५. गोणी दोघांनी उचलावी, थप्पी ओट्यावर मारावी.
६. ट्रॉलीवरून उडी मारू नये. मडगार्डवर कोणाला बसवू नये.
७. शिडीचा पाया चार हातांना एक हात. वरचे टोक बांधावे.
८. मोटारसायकलवर हेल्मेट घालावे, मागे उंच भारा बांधू नये.
९. पडलेल्या माणसाला उचलू नये. डोके स्थिर धरावे आणि १०८ ला फोन करावा.

सुगी येते, जाते. एखादे पीक बुडाले तरी पुढच्या पावसाला पुन्हा पेरता येते. घरचा माणूस धड असला म्हणजे झाले. तेव्हा बंधूंनो, भगिनींनो, तोल सांभाळा.